केनिया की टांझानिया? आधी कॅलेंडर काढा

पत्र

आम्ही नागपूरचे. मी, नवरा, 11 वर्षांची मुलगी आणि 68 वर्षांच्या सासूबाई. ताडोबा, पेंच वर्षाआड होतंच. आता एकदा आफ्रिका करायची ठरवलंय, हातात आठ दिवस आहेत. एक एजंट म्हणतो केनिया करा, मसाई मारासारखं दुसरं काही नाही. दुसरा म्हणतो खरी सफारी टांझानियात, सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो. अमेरिकेतले दीर म्हणतात, एवढ्या लांब जाताय तर दोन्ही उरका, शेजारीच तर आहेत. मुलीला मगरींच्या नदीत जनावरांचे कळप उड्या घेतात ते बघायचंय. दोन्ही एजंटांनी दिवाळीच्या सुटीचं कोटेशन दिलंय. सासूबाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण उत्साह आमच्याहून जास्त. खर्च जरा जपूनच करायचा आहे. काय करावं?

— एक वाचक, नागपूर

उत्तर

ताई, तुमचे दोन्ही एजंट आपापल्या परीने खरंच बोलतायत, म्हणून तर तुमचा गोंधळ झालाय. मी देश घटकाभर बाजूला ठेवते आणि आधी विचारते, दिवाळीतच का?

नकाशा उघडा. केनियाचं मसाई मारा आणि टांझानियाचं सेरेंगेटी हे एकच गवताळ रान आहे, मधून सरहद्दीची रेघ गेलीय एवढंच. मारा साधारण 1,510 चौरस किलोमीटर आणि सेरेंगेटी 14,763, म्हणजे आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्यापेक्षा किंचित लहान. दहा लाखांहून जास्त विल्डबीस्ट (गाईसारखी दिसणारी मोठी आफ्रिकन हरणं), त्यांच्याबरोबर लाखांनी झेब्रे आणि इतर हरणं, पावसामागे गवत शोधत या रानात वर्षभर गोल फिरत असतात. जानेवारीअखेर ते मार्च ते दक्षिण सेरेंगेटीत, न्दुटूच्या आसपास असतात. तिथल्या आखूड गवतावर त्यांची वासरं जन्मतात. मे-जूनमध्ये कळप पश्चिमेकडून वर सरकतात. जुलै ते ऑक्टोबर ते उत्तरेला मारा नदीच्या दोन्ही काठांवर असतात, आणि नोव्हेंबरच्या सरी पडल्या की परत दक्षिणेला निघतात. त्यांना व्हिसा लागत नाही. तेव्हा कुठला देश चांगला, याचं उत्तर दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं.

आता तुमची दिवाळी यात बसवून बघा. दिवाळी ऑक्टोबरात लवकर आली तर कळपांचं शेपूट मारात सापडू शकतं. नोव्हेंबरात आली तर मुलीला हवा असलेला तो नदीचा प्रसंग दिसण्याचा भरवसा मी देणार नाही, आणि कुठल्या एजंटने दिला तर त्याच्याकडून लेखी घ्या. शिवाय माराचं प्रवेशशुल्क 2024 पासून दोन भावांत आहे. परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200. म्हणजे दिवाळीत तुम्ही गर्दीच्या हंगामाचा दर भरून हंगाम संपल्यावर पोचणार.

आणि तुम्ही नागपूरच्या असून तुमच्या हातातला हुकमाचा पत्ताच विसरलात! उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात. पुण्या-मुंबईच्या आईबापांना जूनचा मध्य म्हणजे नवीन दप्तर नि वह्यांना कव्हरं घालण्याचे दिवस, तुम्ही मोकळ्या. (मुलीची शाळा केंद्रीय बोर्डाची असेल तर तेवढी तारीख बघून घ्या.) पूर्व आफ्रिकेतला मोठा पाऊस मार्च ते मे. जूनमध्ये आभाळ निवळलेलं असतं, रान हिरवं असतं, गाड्यांची झुंबड अजून सुरू झालेली नसते आणि माराचा दर 30 जूनपर्यंत निम्मा. तीन मोठ्या माणसांचे दोन दिवस धरले तरी नुसत्या तिकिटात 600 डॉलर, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास वाचतात. जूनमध्ये एकच तोटा सांगते. गवत उंच असतं. त्यात बसलेली सिंहीण पंधरा फुटांवरूनही दिसत नाही, गाईडने बोट दाखवलं तरी आधी दोन कान दिसतात, मग हळूहळू बाकीचं जनावर. ताडोब्याच्या बांबूत डोळे ताणायची सवय असलेल्यांना हे काही नवीन नाही.

मग जूनमध्ये कुठे? तुमच्या चौघांसाठी मी केनिया म्हणेन. कारण सासूबाई, आणि खरं सांगायचं तर त्यांचा गुडघा.

नागपूरहून मुंबई, आणि मुंबईहून नैरोबीला थेट विमान, साधारण सहा-साडेसहा तासांचं. नैरोबीहून मारा गाडीने पाच-सहा तास आणि बहुतेक रस्ता आता डांबरी. टांझानियाच्या उत्तरेकडच्या रानांसाठी अरुशा गाठावं लागतं, ते बहुधा मध्ये विमान बदलून. अरुशाहून सेरेंगेटीचा मध्य, सेरोनेरा, सात-आठ तास. त्यात न्गोरोंगोरोच्या विवरापुढचा रस्ता म्हणजे खडी आणि धूळ. पत्र्याच्या छपरासारख्या लाटा असलेल्या त्या रस्त्यावर ड्रायव्हर हसत हसत ‘आफ्रिकन मसाज’ म्हणतात. पहिला तास आपणही हसतो. लहान विमानाने जाता येतं, पण त्याचे पैसे वेगळे आणि सामान मऊ बॅगेत, माणशी 15 किलो. सासूबाईंच्या औषधांचा डबाच दोन किलोचा असेल.

आमची पहिली सफारी टांझानियाचीच होती. सात दिवसांत पाच ठिकाणं कोंबली होती आणि तो उत्साह सर्वस्वी माझा. रोज पहाटे बॅग भरा, रोज संध्याकाळी नवीन खोलीत गिझरचं बटण शोधा. तारंगिरेचे हत्ती अजून डोळ्यांपुढे आहेत. त्या रानात गोरखचिंचेची अजस्र झाडं आहेत आणि त्यांच्या बुंध्यांची साल हत्तींनी सुळ्यांनी सोलून काढलेली असते. पण त्या सहलीतल्या एका अख्ख्या दिवसाचं मला फक्त समोरच्या सीटचं कव्हर आठवतं.

म्हणून दिरांच्या ‘दोन्ही उरका’ला माझा सपशेल नकार. शेजारी म्हणजे किती शेजारी ते बघा. माराच्या दक्षिण टोकाला उभं राहिलं की समोर सेरेंगेटी दिसतं. पण तिथून पर्यटकाला पलीकडे जाता येत नाही. 1977 मध्ये दोन देशांचं बिनसलं आणि सरहद्द बंद झाली, पुढे 1983 मध्ये उघडली, तरी मारा-सेरेंगेटीमधली ही वाट पर्यटकांना खुली नाहीच. तुम्हाला एकतर इसेबानियाच्या नाक्याला वळसा घालायचा किंवा नैरोबीला परत येऊन नामंगाच्या नाक्यावरून अरुशा गाठायचं. नाक्यावर गाडीही बदलायची, कारण केनियातल्या कंपनीची गाडी पलीकडच्या रानांत चालत नाही. व्हिसाचंही तेच. केनियाला 30 डॉलरचं ऑनलाइन प्रवासपत्र, टांझानियाला 50 डॉलरचा वेगळा व्हिसा. पूर्व आफ्रिकेचा जो एकत्रित व्हिसा मिळतो, त्यात केनिया, युगांडा आणि रवांडा आहेत, टांझानिया नाही. आठातले दोन दिवस असे रांगेत आणि रस्त्यावर जातील. दिरांना सांगा, बारा-तेरा दिवस आणि त्या हिशेबाने पैसे दिलेत तर विचार करू.

तुमचे आठ दिवस मी असे घालवीन. पहिली रात्र नैरोबी. मग दोन रात्री नैवाशा तळ्यावर. तिथे होडीतून पाणघोडे आणि पक्षी बघता येतात. क्रेसंट आयलंडवर तर जिराफ-झेब्र्यांमधून चक्क पायी फिरता येतं, तिथे शिकारी जनावर नाही आणि जमीन बहुतेक सपाट आहे. सासूबाईंना चालवेल तेवढं चालतील, नाहीतर होडी आहेच. रात्री पाणघोडे तळ्यातून वर येऊन लॉजच्या हिरवळीवर चरतात. जेवून खोलीकडे जाताना टॉर्च घेतलेला पहारेकरी सोबत येतो. त्याला नको म्हणू नका. दिवसा तळ्यात डोळे मिटून पडलेलं ते सुस्त धूड जमिनीवर माणसापेक्षा वेगाने पळतं.

नैवाशाहून एक दिवस नाकुरूला जाऊन यायचं. हे रान छोटं, 188 चौरस किलोमीटर, सभोवती कुंपण. कुंपण ऐकून नाक मुरडू नका. काळा आणि पांढरा, दोन्ही गेंडे इथे आहेत आणि दिसण्याची शक्यता चांगली. पांढरा गेंडा पांढरा नसतो, काळाही फारसा काळा नाही. रुंद, चौकोनी ओठांचा गवत चरतो तो पांढरा, आणि टोकदार ओठांनी झुडपं ओरबाडतो तो काळा. मुलीला ओठांवरून ओळखायला लावा.

मग सलग तीन रात्री मारा. तीनाच्या खाली येऊ नका, एजंट दोन म्हणाला तरी. इथे तिकिटाची एक गोम आहे. तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 एवढंच चालतं. तुमचा कॅम्प गेटबाहेर असेल आणि पोचल्या दिवशी दुपारी चारला ‘चला, एक चक्कर मारू’ म्हणून आत गेलात, तर दोन तासांसाठी चौघांचं पूर्ण दिवसाचं तिकीट जळतं. पहिली दुपार चहा पीत कॅम्पवर काढा आणि पुढचे दोन दिवस पहाटेपासून जेवणाचे डबे घेऊन दिवसभर आत राहा. 9 ते 17 वर्षांच्या मुलांना 50 डॉलर, त्यामुळे मुलीचा भार कमी.

पैसे थोडे सैल सोडायचे झाले, तर ते दुसऱ्या देशावर नको, माराच्या शेजारच्या एखाद्या कन्झर्व्हन्सीत एक रात्र घालवण्यावर सोडा. नाबोइशो, मारा नॉर्थ ही त्यांतली नावं. जमीन मसाई कुटुंबांची, ती त्यांनी भाड्याने दिलेली. गाड्या मोजक्या, रस्ता सोडून जनावराजवळ जाता येतं आणि रात्रीची फेरीही मिळते. मुख्य रानात यातलं काहीच चालत नाही.

तुम्ही म्हणाल, अंबोसेली राहिलं. किलिमांजारो टांझानियात, पण त्याच्या पायथ्याशी हत्ती चालतायत ते कॅलेंडरवरचं चित्र बहुतेक वेळा केनियातल्या अंबोसेलीचं असतं. मोह होणारच. पण मारा नैरोबीच्या पश्चिमेला आणि अंबोसेली दक्षिणेला. दोन्ही जोडायची तर आणखी एक दिवस गाडीत जातो. हत्ती गेंड्यापेक्षा प्रिय असतील तर नैवाशा-नाकुरू काढा आणि अंबोसेली घाला. दोन्ही मात्र नको.

आता नदीचं. मुलीला आत्ताच सांगून ठेवा की जूनमध्ये मारा नदीवर तो प्रसंग दिसणार नाही. तसाही तो ठरवून दिसत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही ऑगस्टमध्ये मारात होतो. काठावर सकाळी दहाला गाडी लावली. पलीकडे हजारभर विल्डबीस्ट उतरणीच्या तोंडाशी दाटलेले, धूळ एवढी की मागचे नुसते आवाजाने कळत होते. पुढच्या एकाने खुर पाण्यात टाकलं, वास घेतला आणि तसाच उभा राहिला. मागून रेटा यायचा, पुढचे पाय रोवायचे. पाण्यात एक मगर लाकडासारखी पडलेली, तासाभरात हलली नाही. अडीच वाजता कुठेतरी एक झेब्रा भुंकला (हो, झेब्रे भुंकतात) आणि अख्खा कळप गर्रकन फिरून आल्या वाटेने पळाला. आमच्या भोवती तोवर तीसेक गाड्या जमल्या होत्या. कोणी काही बोललं नाही, सगळ्यांनी मुकाट्याने डबे उघडले. मला विचाराल तर तो दिवस फुकट गेला नाही, पण 11 वर्षांच्या मुलीला साडेचार तास गाडीत बसवून हे सांगून बघा.

तिला नदीच हवी असेल तर ऑगस्ट किंवा सप्टेंबर, शाळा आठवडाभर बुडवून. तेही फक्त केनियातच असं नाही. मारा नदी पुढे टांझानियात शिरून व्हिक्टोरिया सरोवराला मिळते, आणि उत्तर सेरेंगेटीत कोगातेंदेजवळही कळप तीच नदी ओलांडतात. पण त्या दिवसांत पोळा, गणपती, महालक्ष्म्या. सासूबाई घरच्या महालक्ष्म्या सोडून विल्डबीस्ट बघायला येतील असं पत्रावरून तरी वाटत नाही.

टांझानियावर अन्याय झाल्यासारखं वाटत असेल तर तसं नाही. फक्त तुम्ही दोघं असतात आणि हातात फेब्रुवारीतले दहा दिवस असते, तर मी डोळे मिटून टांझानिया सांगितलं असतं. न्दुटूला त्या दिवसांत क्षितिजापर्यंत काळे ठिपके असतात. नुकतं जन्मलेलं पिल्लू धडपडत उभं राहतं आणि काही मिनिटांत आईमागे पळू लागतं. कारण तरस आणि चित्ते तिथेच बसलेले असतात. आणि न्गोरोंगोरो कुठल्याही महिन्यात बघावं. लोणार तुम्ही पाहिलं असेलच. ते उल्केने झालं, हे ज्वालामुखीचा माथा आत कोसळून. लोणारचं विवर पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, हे एकोणीसच्या आसपास. सहाशे मीटर खाली तळ आणि तळात सिंहापासून गेंड्यापर्यंत सगळं नांदतंय. फक्त तळात उतरायचं दर गाडीमागे 250 डॉलर अधिक कर, गाडीत दोघं असोत की सहा जण. ही फेरी मुलगी कॉलेजात गेल्यावर करा.

आता पैसे भरण्याआधीची एक गोष्ट. ती आधी झाली नाही तर वरचं सगळं वाया. केनियाहून परतणाऱ्याकडे भारत पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड मागतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. एकदा घेतली की आता जन्मभर चालते. तुम्हा तिघांचा प्रश्न नाही. पण ही जिवंत विषाणूची लस आहे, आणि साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. सासूबाईंना त्यांच्या सगळ्या गोळ्यांच्या यादीसकट डॉक्टरांकडे न्या. डॉक्टर नको म्हणाले तर वैद्यकीय सूटपत्र मिळू शकतं, पण परतताना विमानतळावर त्याचं काय होईल ते लसीकरण केंद्रातल्या अधिकाऱ्यांना विचारून घ्या. आधी डॉक्टर, मग एजंट. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून टाका.

एजंटला मग गाडीबद्दल खोदून विचारा. केनियात स्वस्त पॅकेजमध्ये बऱ्याचदा वर उघडणाऱ्या छताची मिनीव्हॅन देतात. तुम्ही लँड क्रूझर मागा आणि ‘प्रत्येकाला खिडकी’ हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. लँड क्रूझरची पायरी उंच असते, तेव्हा सासूबाईंसाठी गाडीत छोटं स्टूल ठेवायला सांगा. हे फुकट मिळतं, फक्त आधी सांगावं लागतं. आणि त्यांना स्पष्ट कल्पना द्या की रानात तासन् तास बाथरूम नसतं. गेटवर असतं, नाहीतर ड्रायव्हर सुरक्षित जागा बघून गाडीच्या आडोशाला थांबतो. पहिल्या दिवशी संकोच वाटतो, म्हणून पाणी प्यायचं टाळतात आणि दुपारी डोकं धरून बसतात.

भाषेचं मात्र त्यांना टेन्शन देऊ नका. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’, दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’ म्हणतात, आणि चहा-चपाती मागितली तर चहा-चपातीच येते. शाकाहारी जेवणही अडत नाही. नैरोबीत गुजराती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि कॅम्पवाल्यांना डाळ-भात नवा नाही.

कपडे ऊबदार घ्या. जूनमध्ये तुम्ही 42 अंशांच्या नागपुरातून निघाल, पण मारा आपल्या महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे आणि पहाटे उघड्या छताच्या गाडीत वारा बोचतो. स्वेटर, कानटोपी, सासूबाईंना शाल. गडद निळे आणि काळे कपडे घरी ठेवा, चावऱ्या त्सेत्से माश्या त्या रंगांकडे ओढल्या जातात. दुर्बीण दोन घ्या. एकच असली तर ती नवऱ्याच्या गळ्यात राहते. डॉलर नव्या छपाईचे आणि न दुमडलेले घ्या, जुन्या नोटा बरेच जण नाकारतात.

आणि खाऊ! केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांना बंदी आहे, दंड जबर आहे आणि पर्यटकांना सूट नाही. रानात तर 2020 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. घरोघरी असते ती पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी आणि सगळ्यात आत चिवडा, ही बांधणी इथे नको. चिवडा स्टीलच्या डब्यात भरा, घट्ट झाकणाच्या. जेवायला गाडी झाडाखाली थांबली की काळ्या तोंडाची छोटी माकडं बॉनेटवर येऊन बसतात, आणि डबा कोणाच्या हातात सैल आहे ते त्यांना आपल्याआधी कळतं.